मौत का कुआँ : दायित्व व विमा

मौत का कुआँ (बोलीभाषेत 'मौतका कुवा') हा लाकडी फळ्यांच्या उभ्या, गोलाकार भिंतीवर मोटारसायकल किंवा मोटारगाडी चालवून दाखविण्याचा जत्रेतील खेळ आहे. सर्कशीतील लोखंडी जाळीचा 'मृत्युगोल' आणि मैदानावर होणाऱ्या मोटारसायकल कसरती हे याच प्रकारात मोडणारे खेळ होत. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत मोठ्या ग्रामदैवतांच्या यात्रांमध्ये असे खेळ येतात. खेळात अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी कोणावर येते, आणि चालक, प्रेक्षक व मालक यांना कोणते विमे लागू होतात, हे प्रश्न मोटार वाहन कायदा, कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा, निष्काळजीपणाविषयीची दिवाणी तत्त्वे व विमा करारातील अटी या चार गोष्टींवर अवलंबून असतात. या खेळात सर्वाधिक धोका चालकाला असतो; परंतु वाहनाचा सक्तीचा विमा त्याच्यासाठी नसतो. त्याच्या कुटुंबाचा मुख्य कायदेशीर आधार कर्मचारी नुकसानभरपाई हा आहे.

पार्श्वभूमी

उभ्या भिंतीवर मोटारसायकल चालविण्याचा खेळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. लाकडी फळ्यांच्या उतरत्या धावपट्टीवरील शर्यतींतून तो निर्माण झाला. इंग्लंडमध्ये १९२९ मध्ये साउथएंड येथे त्याचे प्रयोग झाले. भारतात हा खेळ सर्कस आणि जत्रा या दोन्ही ठिकाणी रुजला.

सांगली परिसराचा सर्कशीशी जुना संबंध आहे. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे हे मूळचे अंकलखोपचे (पलूस तालुका). कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे म्हैसाळ (मिरज तालुका) येथील देवल आणि तासगाव येथील माळी यांच्या सर्कशीही नावाजल्या. सर्कशीत कलाकार एकाच मालकाकडे वर्षभर नोकरीला असतो, त्यामुळे मालक कोण हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. जत्रेतील कुव्याची रचना मात्र सैल असते आणि दायित्वाचे बहुतेक वाद तेथूनच निर्माण होतात.

सातारा जिल्ह्यात पुसेगाव (खटाव तालुका) येथील सेवागिरी महाराजांची, पाल (कराड तालुका) येथील खंडोबाची आणि म्हसवड (माण तालुका) येथील सिद्धनाथाची यात्रा मोठी भरते. सांगली जिल्ह्यात खरसुंडी (आटपाडी तालुका) येथील सिद्धनाथाची व जत येथील यल्लमादेवीची यात्रा प्रसिद्ध आहे. यांतील बहुतेक यात्रा मार्गशीर्ष ते चैत्र या काळात येतात. पाळणे, तमाशाचे फड, खेळण्यांची व मिठाईची दुकाने आणि मौत का कुआँ असे फिरते व्यावसायिक या काळात एका यात्रेहून दुसऱ्या यात्रेला जातात.

खेळाचे स्वरूप व धोका

कुवा साधारणपणे ३० फूट व्यासाचा असून त्याची भिंत लाकडी फळ्या लोखंडी चौकटीला जोडून उभारलेली असते. यात्रा संपली की तो सुटा करून ट्रकमधून पुढच्या गावी नेला जातो. प्रेक्षक तिकीट काढून जिन्याने वरच्या कठड्यापाशी उभे राहतात. चालक तळापासून उतरत्या फळ्यांवरून वेग घेत उभ्या भिंतीवर चढतो.

वाहन भिंतीवर टिकते ते वेग व घर्षण यांमुळे. गोल फिरताना भिंत चाकांवर आतल्या बाजूस दाब देते आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण वजन पेलते. त्रिज्या ४.६ मीटर व घर्षणांक ०.६ धरल्यास यासाठी ताशी सुमारे ३१ किलोमीटर इतका किमान वेग लागतो. इंजिन बंद पडणे, साखळी तुटणे, टायर फुटणे किंवा फळीवर तेल वा दव असणे यांपैकी कोणत्याही कारणाने वेग अथवा घर्षण कमी झाले, तर चालक खाली कोसळतो. अनेक चालक हात सोडून किंवा बाजूला बसून वाहन चालवितात आणि प्रेक्षकांनी पुढे केलेल्या नोटा फिरता फिरता घेतात. यामाहा आरएक्स १०० सारख्या हलक्या, जुन्या मोटारसायकली यासाठी पसंत केल्या जातात.

धोका तिघांना असतो. पहिला चालक. दुसरा प्रेक्षक, कारण वाहन कठड्यावरून बाहेर जाऊ शकते किंवा गर्दीच्या वजनाने व कंपनाने सज्जा खचू शकतो. तिसरा कुवा जोडणारा व सोडणारा कामगार. या तिघांचे कायदेशीर स्थान वेगवेगळे आहे.

जबाबदारीची साखळी

यात्रेतील खेळामागे सहसा अनेक पक्ष असतात. मैदान देवस्थान ट्रस्टचे, ग्रामपंचायतीचे किंवा खासगी शेतकऱ्याचे असते. यात्रा समिती किंवा ग्रामपंचायत जागाभाडे घेऊन जागा वाटून देते. काही ठिकाणी संपूर्ण करमणूक विभाग एका ठेकेदाराला दिला जातो. कुव्याचा मालक त्या ठेकेदाराकडून जागा घेतो आणि चालकांना हंगामासाठी, दिवसाच्या रोजावर किंवा प्रत्येक खेळामागे ठरलेल्या रकमेवर ठेवतो. ठरावाचा कागद क्वचितच केला जातो.

सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याविषयी नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ ने पोलीस आयुक्त व जिल्हादंडाधिकारी यांना दिला आहे. परवाना मिळाला म्हणून मालकाचे दिवाणी दायित्व संपत नाही. उलट परवान्याच्या अटी मोडल्याचे सिद्ध झाल्यास निष्काळजीपणाचा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो.

जबाबदारी ठेकेदारावर ढकलून आयोजक मोकळा होतो का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२२ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. मेरठ येथील व्हिक्टोरिया पार्कमधील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात १० एप्रिल २००६ रोजी लागलेल्या आगीत ६५ जण मरण पावले होते. मंडप व विजेचे काम स्वतंत्र ठेकेदाराला दिले होते, हा आयोजकांचा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के व राज्य शासनावर ४० टक्के अशी ठरविण्यात आली. तिकीट घेऊन लोकांना एखाद्या जागी बोलावणाऱ्यावर त्या जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारी असते, हे तत्त्व यात्रेतील खेळालाही लागू पडते.

सातारा जिल्ह्यात यात्रेतील सुरक्षिततेचा प्रश्न २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेव (वाई तालुका) येथील काळूबाईच्या यात्रेतील चेंगराचेंगरीने ऐरणीवर आला. तीत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमण्यात आला. या दुर्घटनेचा मोटारसायकलच्या खेळांशी संबंध नव्हता. मात्र यात्रेतील गर्दीबाबत आयोजक व प्रशासन यांची जबाबदारी काय, हा प्रश्न तिने पुढे आणला. अशा दुर्घटनांनंतर शासन देते ती मदत सानुग्रह असते. ती हक्काची भरपाई किंवा विम्याची रक्कम नसते आणि ती मिळाल्याने जबाबदार व्यक्तीवरील दावा संपत नाही.

मोटार वाहन विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा (थर्ड पार्टी) सक्तीचा आहे. वाहनामुळे तिऱ्हाइताला झालेली इजा, मृत्यू किंवा मालमत्तेची हानी यांची भरपाई या विम्यातून मिळते. कुव्यातील वाहनाबाबत येथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दांची. कुवा हा रस्ता नव्हे. परंतु १९८८ साली निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या शब्दांचा व्यापक अर्थ लावला. लोकांना हक्काने किंवा नियंत्रित स्वरूपात जेथे प्रवेश असतो ती जागा खासगी मालकीची असली, तरी सार्वजनिक ठिकाण ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. या आधारे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचा सज्जा सार्वजनिक ठिकाण आहे, असा युक्तिवाद करता येतो. वाहन प्रत्यक्ष चालते त्या आतील भागात मात्र चालकाखेरीज कोणालाच प्रवेश नसतो, आणि विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

दुसरी अडचण वापराच्या अटीची. दुचाकीच्या प्रमाणित विमापत्रात संघटित शर्यत, वेगचाचणी, भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर इत्यादी प्रकार वगळलेले असतात. कुव्यातील खेळ शब्दशः शर्यत नसला, तरी तो तिकीट लावून केलेला व्यावसायिक वापर आहे. घरगुती वापरासाठी घेतलेल्या विम्याच्या आधारे त्याचा दावा मान्य होणे अवघड असते.

तिसरी अडचण वाहनाचीच. जुनी, नोंदणीची मुदत संपलेली, सायलेन्सर व अन्य भाग काढलेली मोटारसायकल विम्याविना असण्याची शक्यता अधिक. तेव्हा भरपाईची संपूर्ण जबाबदारी मालकावर व्यक्तिशः येते.

वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. 'वापरातून उद्भवलेला अपघात' या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केला. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पुणे–बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन उलटलेल्या पेट्रोलच्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला आणि पेट्रोल घेण्यास जमलेल्या लोकांपैकी अनेक जण मरण पावले. वाहन उभे असले तरी हा अपघात त्याच्या वापरातूनच उद्भवला, असे न्यायालयाने ठरविले. वाहनाच्या कंपनाने सज्जा खचून प्रेक्षक जखमी झाल्यास या व्यापक अर्थाचा आधार घेता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार, कोणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चालकाला मात्र या मार्गाचा लाभ मर्यादित आहे. मालक स्वतःच चालक असेल, तर तो आपल्याच विम्यात तिऱ्हाईत ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, पूर्वीच्या कलम १६३-अ संदर्भात, म्हटले आहे. दुसऱ्याचे वाहन मागून घेऊन चालविणारा मालकाच्याच जागी मानला जातो, असे २०२० च्या निर्णयात म्हटले आहे.

विमा नियामकाने २०१८ मध्ये मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची किमान रक्कम १५ लाख रुपये केली. ती नोंदणीकृत मालक वैध अनुज्ञप्तीसह वाहन चालवीत असेल तरच मिळते. कुव्यात पगारावर वाहन चालविणारा मालक नसतो, म्हणून तो या संरक्षणाबाहेर राहतो. पगारी चालकाबद्दलची मालकाची जबाबदारी जादा हप्ता भरून मोटार विम्यात जोडता येते. पण वापराची अट तिलाही लागू असते. रस्ते अपघातातील जखमींसाठी २०२५ मध्ये अधिसूचित झालेली दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना रस्त्यावरील अपघातांसाठी असल्याने कुव्यातील पडझडीला ती लागू होत नाही.

कर्मचारी नुकसानभरपाई

कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी कामगार संहिता अमलात आल्यावर त्यातील तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात आल्या. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात झाला असेल, तर मालकाची चूक असो वा नसो, त्याने भरपाई द्यावी, हे या कायद्याचे मूलतत्त्व आहे.

कुव्यातील चालक या कायद्याखाली येतो का, हा प्रश्न वरवर पाहता अवघड वाटतो, कारण जत्रेतील कसरतपटू हा शब्द कायद्यात शोधावा लागतो. परंतु १९२३ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील पहिल्याच नोंदीत वाफ, अन्य यांत्रिक शक्ती किंवा वीज यांवर चालणाऱ्या वाहनाच्या चालविण्याशी, दुरुस्तीशी व देखभालीशी संबंधित, कारकुनी नसलेल्या कामावर असलेल्या व्यक्तींचा समावेश होता. मोटारसायकल चालविणारा कलाकार आणि तिची दुरुस्ती करणारा मिस्त्री या दोघांनाही या नोंदीचा आधार घेता येतो.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाचे ६० टक्के धरले जातात. ३ जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. पंचविसाव्या वर्षाचा गुणक २१६.९१ आहे. त्यामुळे १५,००० रुपये वेतन सिद्ध झाल्यास २५ वर्षांच्या चालकाच्या मृत्यूबद्दल ७,५०० × २१६.९१ म्हणजे १६,२६,८२५ रुपये भरपाई होते. वेतन ८,००० रुपयेच सिद्ध झाले, तर तीच रक्कम ८,६७,६४० रुपये होते. वेतनाच्या पुराव्याअभावी कुटुंबाचे साडेसात लाखांहून अधिक रुपयांचे नुकसान होऊ शकते, हे या हिशेबावरून दिसते.

वेतनाच्या व्याख्येत पैशात मोजता येणाऱ्या सवलती व लाभ धरले जातात. मालकाकडून मिळणारे जेवण व राहण्याची सोय यांचे मूल्य त्यामुळे विचारात घेता येते. प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या नोटा मालकाच्या संमतीने व नेहमीच्या प्रथेने मिळत असतील, तर त्याही उत्पन्नात धराव्यात, असा युक्तिवाद शक्य आहे.

अधिनियमातील पुढील तरतुदी कुव्यातील चालकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या होत :

कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार निरर्थक ठरतो. 'माझ्या जिवाची जबाबदारी माझी' अशा आशयाच्या हमीपत्रावर चालकाची सही किंवा अंगठा घेतला, तरी मालक या कायद्याखालील दायित्वातून सुटत नाही.

कलम ३ नुसार मद्याचा अंमल, सुरक्षा नियमांचा हेतुपुरस्सर भंग किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणे हे बचाव मालकाला घेता येतात. पण इजेचा परिणाम मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व असेल, तर ते चालत नाहीत. शिरस्त्राण घातले नव्हते, एवढ्या कारणावरून मृत चालकाच्या वारसांची भरपाई नाकारता येत नाही.

कलम ४-अ नुसार भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात द्यावी लागते. विलंब झाल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबाला योग्य कारण नसल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम थेट वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे भरावी लागते. वारसांशी परस्पर केलेली तडजोड भरपाई मानली जात नाही.

कलम २१ नुसार दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा दावेदार राहतो त्या ठिकाणच्या आयुक्तांपुढे करता येतो. परराज्यातून आलेल्या चालकाच्या पत्नीला सातारा किंवा सांगली येथे खेपा घालाव्या लागू नयेत, ही या तरतुदीची उपयुक्तता आहे. दाव्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे.

कलम १२ नुसार ठेकेदाराच्या कर्मचाऱ्याबद्दल मुख्य नियोक्ताही जबाबदार धरला जाऊ शकतो. मात्र ते काम मुख्य नियोक्त्याच्या व्यवसायाचा भाग असावे लागते. करमणुकीचा संपूर्ण विभाग चालविणारा ठेकेदार या कलमात येऊ शकतो. केवळ जागाभाडे घेणारी ग्रामपंचायत किंवा देवस्थान सहसा येत नाही.

मालक स्वतःच वाहन चालवीत असेल, किंवा चालक नफ्यातील भागीदार असेल, तर मालक-कर्मचारी संबंध नसल्याने हा कायदा लागू होत नाही. अशा चालकाला स्वतःच्या वैयक्तिक विम्यावरच अवलंबून राहावे लागते. एका कुटुंबातील भाऊ-पुतणे मिळून चालवीत असलेल्या कुव्यांत ही परिस्थिती उद्भवते.

आपले हे दायित्व मालकाला कर्मचारी नुकसानभरपाई विम्याने उतरविता येते. त्याचा हप्ता एकूण वेतन व कामाचा धोका यांवर ठरतो. कामाचे खरे स्वरूप न सांगता 'मंडप कामगार' अशी नोंद केल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

प्रेक्षकांबाबतचे दायित्व

प्रेक्षकाला झालेल्या इजेबद्दल मालक व आयोजक यांच्यावर निष्काळजीपणाच्या तत्त्वाने दावा करता येतो. धोका पत्करून आलेल्याला तक्रार करता येत नाही, हे जुने तत्त्व येथे बचाव म्हणून मांडले जाते. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स मोटार शर्यतीच्या निकालात शर्यतीतील स्वाभाविक धोका प्रेक्षकाने पत्करलेला असतो, असे मानले गेले. परंतु हे तत्त्व खेळाच्या अंगभूत धोक्यापुरते आहे. कुजलेली फळी, ढिला कठडा किंवा क्षमतेपेक्षा अधिक तिकिटे विकणे हे धोके प्रेक्षकाने पत्करलेले नसतात. तिकिटाच्या मागे 'आपल्या जबाबदारीवर पाहावे' असे छापल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. पैसे देऊन सेवा घेणारा प्रेक्षक ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकतो.

प्रेक्षकांसाठीचा विमा सार्वजनिक दायित्व विमापत्राच्या रूपाने मिळतो. त्यात एका अपघाताची व संपूर्ण मुदतीची अशा दोन कमाल मर्यादा असतात. हे विमापत्र 'तिऱ्हाइतां'साठी असल्याने खेळात भाग घेणारे कलाकार व विमाधारकाचे कर्मचारी त्यातून सहसा वगळलेले असतात. खेळाचा विमा उतरविलेला आहे, एवढ्यावरून चालक सुरक्षित आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ हा नावाने जवळचा वाटणारा कायदा घातक रासायनिक पदार्थांच्या अपघातांपुरता असून त्याचा यात्रेतील खेळांशी संबंध नाही.

फौजदारी जबाबदारी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. इतरांचा जीव धोक्यात घालणारे कृत्य कलम १२५ खाली येते. कठड्यावरून वाहन बाहेर जाऊन प्रेक्षक दगावला, तर मालकाबरोबर चालकही आरोपी होऊ शकतो. फौजदारी दंड किंवा कारावास यांचा धोका कोणत्याही विम्याने उतरविता येत नाही.

सर्कशीत लहान मुलांना कामावर ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी प्रतिबंध केला. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने बालकलाकारांना जी सवलत मिळाली, तीतून सर्कस स्पष्टपणे वगळली आहे.

सार्वजनिक रस्त्यावरील मोटारसायकल कसरती या विषयाहून वेगळ्या आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ व १८९ खाली धोकादायक रीतीने वाहन चालविणे आणि परवानगीविना शर्यत लावणे हे गुन्हे आहेत.

वैयक्तिक विमा

वैयक्तिक अपघात विम्याची बाजारातील विमापत्रे व्यवसायाच्या धोक्यानुसार वर्ग पाडतात. सर्कशीतील कलाकार, शर्यतपटू व तत्सम व्यवसाय सर्वांत जोखमीच्या वर्गात येतात किंवा वगळले जातात. हेतुपुरस्सर धोका पत्करणे व वाहनांच्या शर्यतीत भाग घेणे हे सामान्य अपवाद असतात. हात सोडून वाहन चालविणे हा पगारी चालकाच्या कामाचाच भाग असला, तरी अशा विमापत्राखाली तो अपवादात बसविला जाण्याची शक्यता असते. गट वैयक्तिक अपघात विमापत्रात खेळाचे वर्णन स्पष्ट लिहून घेतल्यास हा वाद टळतो.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला ती घेता येते. तिचा वार्षिक हप्ता १ जून २०२२ पासून २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वासाठी २ लाख व अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. हप्ता खात्यातून आपोआप वजा होत असल्याने मे अखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास संरक्षण खंडित होते. फिरत्या कलाकारांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजनेतून १८ ते ५० वयोगटाला वार्षिक ४३६ रुपयांत २ लाखांचे आयुर्विमा संरक्षण मिळते. साधारण आयुर्विम्यात अपघाती मृत्यूही समाविष्ट असतो; प्रस्तावात व्यवसाय खरा सांगितलेला असणे मात्र आवश्यक असते. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर आयुर्विम्याच्या वैधतेवर कंपनीला आक्षेप घेता येत नाही.

उपचारांच्या खर्चासाठी महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परराज्यातील चालकाकडे आयुष्मान भारत कार्ड असल्यास त्याला योजनेत समाविष्ट असलेल्या महाराष्ट्रातील रुग्णालयांतही उपचार घेता येतात.

दाव्यातील पुरावे

भरपाईच्या दाव्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : जखमी किंवा मृत व्यक्ती मालकाकडे कामाला होती, अपघात कामाच्या ओघात झाला आणि तिचे वेतन अमुक होते. पोलीस ठाण्यातील नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा रुग्णालयाची कागदपत्रे यांवरून दुसरी गोष्ट सहसा सिद्ध होते. पहिली व तिसरी गोष्ट अवघड असते. कुवा यात्रा संपताच सुटा होऊन पुढे जातो, सहकारी पांगतात आणि रोज रोखीने दिलेला असतो. अशा वेळी भ्रमणध्वनीवरून झालेले पैशांचे व्यवहार, परवान्याच्या अर्जातील कलाकारांची यादी, यात्रा समितीची जागाभाड्याची पावती, खेळाची छायाचित्रे व चित्रफिती यांचा उपयोग होतो. प्राणघातक अपघाताबाबत मालकाकडून लेखी निवेदन मागविण्याचा अधिकार आयुक्तांना आहे.

दहीहंडीशी तुलना

महाराष्ट्रात धोकादायक सार्वजनिक खेळाला सामूहिक संरक्षण मिळाल्याचे उदाहरण दहीहंडीचे आहे. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास १० लाख रुपये साहाय्य जाहीर केले. २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा शासनाच्या खर्चाने विमा उतरविण्यात आला. त्याचा हप्ता माणशी ७५ रुपये होता. गोविंदा पथके नोंदणीकृत व स्थानिक असतात, त्यांची यादी करता येते आणि उत्सव एकाच दिवशी असतो. कुव्यातील चालक महिनोन्महिने फिरतीवर असतात व बहुधा परगावचे असतात, त्यामुळे अशी यादी आपोआप तयार होत नाही. यात्रेच्या परवान्यासोबत कलाकारांची नावे, वेतन व विमापत्राची प्रत घेतली गेल्यास, तीच यादी विम्यासाठी व पुढे दाव्याच्या पुराव्यासाठी उपयोगी पडते.